आधी बोली, मग डाव



वसंतातल्या व्याख्यानांना विद्वान मंडळी येतात आणि संतवाङ्मय, राज्यकारभार, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवर बोलतात. चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'खेळातले नियम' म्हणालो, आणि त्यांना वाटले हा गृहस्थ थट्टा करतो आहे. थट्टा मुळीच नाही. माझे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर राहिले. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून. परंतु दोन पक्षांना समोरासमोर बसवावयाचे आणि कोणत्या नियमाने खेळायचे हे आधी कबूल करून घ्यावयाचे, हा माझा कित्येक वर्षांचा धंदा आहे.

आपल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरगावची पुष्कळ तरुण मुले भाड्याच्या खोल्यांतून राहतात. सुटीच्या रात्री ही मुले संगणकावर राज्ये चालवतात. 'एज ऑफ एम्पायर्स' नावाचा एक खेळ आहे. त्याचा दुसरा भाग 1999 साली निघाला आणि अजून खेळला जातो. एकाच डावात आठ जणांपर्यंत खेळाडू बसतात. प्रत्येकाने शेती करावी, लाकूड तोडावे, सोने खणावे, कोट बांधावा, सैन्य उभारावे आणि मग शेजाऱ्यावर चालून जावे, असा एकंदर प्रकार. मी एकदा तासभर मागे बसून पाहिले. मला लढाईपेक्षा लढाईच्या आधीची दहा मिनिटे अधिक रंजक वाटली. पहिली अमुक मिनिटे कोणी कोणावर चालून जायचे नाही. नवख्या गड्याला दोघांनी मिळून घेरायचे नाही. वीज गेली तर डाव बाद. हरू लागला म्हणून कोणी यंत्र बंद केले, तर तो हरला. यांतले काहीही खेळाच्या पुस्तकात नव्हते. मुलांनी आपसांत ठरवलेले होते. पुढे मला कळले की, पहिली काही मिनिटे तह पाळण्याची ही चाल जगभर इतकी रूढ झाली की खेळ तयार करणाऱ्यांनीच तिची सोय खेळात करून दिली. खालून वर गेलेला कायदा म्हणतात तो असा.

यावर एक गृहस्थ मला म्हणाले, "लढाईच्या खेळात कसला आला तह? शिवरायांनी गनिमी कावा केला, तो काय शत्रूला विचारून?" प्रश्न बिनतोड वाटतो. आपल्याच तालुक्यातले उदाहरण घ्या. 1624 साली भातवडीला, म्हणजे आपल्या भातोडीला, निजामशाहीचा मलिक अंबर मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांशी लढला. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूने होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. अंबरने तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या वाटेवर चिखल करून टाकला आणि लढाई जिंकली. त्याला कोणी लबाड म्हणत नाही, आणि म्हणूही नये. त्याने कोणाला बांध न फोडण्याचा शब्द दिला नव्हता, आणि हरला असता तर राज्य जात होते. खेळाचे तसे नसते. खेळात हरलेल्या गड्याने उद्या पुन्हा पटावर बसावे, अशी आपली इच्छा असते. तो बसलाच नाही, तर जिंकणारा खेळणार कोणाशी?

आता घरच्या नियमांचे म्हणाल, तर हे काही संगणकाने आणलेले खूळ नव्हे. आपल्या बुद्धिबळाचे पाहा. आज जगभर एकच नियमावली चालते. पण आपल्या देशात पूर्वी गावोगाव निराळे कायदे होते. प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाई की एकच, हे गावावर अवलंबून. विलायती किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला शह लागण्यापूर्वी एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. एकटा राजा उरला तर पुरी हार मानावी की अर्धी, यावरही मतभेद. आणि प्यादेमात म्हणजे सर्वांत मानाची मात: वजिराने मारले त्यात काय नवल, शिपायाने राजा कोंडला तर खरी शोभा! आम्हा कामगारांना ही कल्पना आवडावी यात आश्चर्य नाही.

या साऱ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो प्यादे शेवटच्या घरात पोचल्यावरचा नियम. विलायती पद्धतीत ते पोचले की खेळाडू त्याचा वजीर करतो, मग ते कोठल्याही पट्टीतले असो. आपल्याकडे सर्रास असे होते की प्यादे ज्या पट्टीत पोचेल, त्या पट्टीच्या धन्याचेच रूप त्याला मिळे. घोड्याच्या पट्टीतले घोडा होणार, हत्तीच्या पट्टीतले हत्ती. एवढी मजल मारली तरी जन्माची पट्टी सुटत नाही! कोणी म्हणेल, तुम्ही खेळात समाजशास्त्र शोधता. शोधतो खरा, पण हेही सांगितले पाहिजे की त्या नियमाने डाव सोपा होत नसे, उलट अवघड होई. कोणते प्यादे कोठे न्यायचे, याचा विचार फार आधीपासून करावा लागे.

निरनिराळे नियम समोरासमोर आले म्हणजे काय करावे, याची वाट आपल्या लोकांनी फार पूर्वी काढली आहे. 1814 साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ इंग्रजीत छापला गेला. मूळ ग्रंथ संस्कृत, 'विलासमणिमंजरी' नावाचा. पण त्यातले डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले. पेशवाई अजून शाबूत होती तेव्हाची ही गोष्ट. आपला खेळ सोडला नाही, समोरच्याचे नियमही समजून घेतले.

दुसरी गोष्ट पंजाबच्या सुलतान खानांची. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरचा हा माणूस हिंदुस्थानी पद्धतीत वाढला. विलायती नियम तो शिकला ते वयात आल्यावर. त्याने 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटनची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली आणि हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. त्याच घरातल्या फातिमा नावाच्या बाईंनी 1933 साली ब्रिटनची महिलांची स्पर्धा जिंकली, ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. सुलतान खान 1966 साली वारले. जागतिक संघटनेने त्यांना ग्रँडमास्टर हा मानाचा किताब दिला तो 2024 साली! आमच्याकडे ग्रॅच्युइटीचे दावे रेंगाळतात, पण इतके नाही.

परंतु नियम सर्वांना सारखे असले म्हणून दार सर्वांना सारखे उघडे असते असे नाही. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांची नावे येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या मुली. 1974 साली देशातली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि मोठा गहजब झाला. पट तोच, मोहरी तीच, चालीही त्याच. तरी मुलीने समोर बसावे की नाही याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. हीच रोहिणी 1981 साली आशियाची महिला अजिंक्य ठरली. ज्यांना हरण्याची भीती वाटते ते पुष्कळदा डावाचा नियम बदलत नाहीत. कोणाला बसू द्यायचे याचा नियम करतात. खोल्यांवरच्या मुलांतही मी हे पाहिले. एका पोराला ते खेळायला घेत नव्हते. कारण विचारले तर म्हणाले, "काका, तो फार जिंकतो."

आता थोडे माझ्या धंद्याविषयी. कारखान्यातही घरचे नियम असतात. त्यांना स्थायी आदेश म्हणतात. उशिरा आल्यास काय, रजा कशी मागावी, कामावरून काढण्यापूर्वी चौकशी कशी व्हावी, हे सारे त्यांत येते. 1946 सालच्या कायद्याने मालकाला त्यांचा मसुदा करणे भाग पाडले. कामगारांच्या हरकती ऐकून अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावयाचा. हे नियम न्याय्य आहेत की नाहीत, एवढे पाहण्याचा अधिकार मात्र त्या अधिकाऱ्याला 1956 साली मिळाला. म्हणजे दहा वर्षे पंच होता, पण त्याने फक्त हस्ताक्षर तपासायचे!

एका कारखान्यात, नाव सांगत नाही, उशिराचा दंड महिन्याच्या पंधरा तारखेला वाढला आणि तो पहिल्या तारखेपासून कापला गेला. कामगारांचा राग दंडावर नव्हता. एक म्हातारा फिटर म्हणाला, "साहेब, सोंगटी पुढे गेल्यावर घर बदलायचे नसते." आमच्या मागणीपत्रातली सगळी कलमे एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. कापलेले पैसे परत मिळाले.

मूळ कायद्यात हे आदेश शंभर कामगारांच्या कारखान्याला लागू होते, आणि राज्याला ती मर्यादा खाली आणता येत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात ही मर्यादा तीनशे आहे. वसाहतीत फिरून पाहा, तीनशे माणसांचे कारखाने थोडे आणि तीस-चाळीसांचे फार. म्हणजे बहुतेकांच्या डावाला आता लेखी कायदा उरला नाही; जे आपसांत ठरेल तेच. खोल्यांवरच्या मुलांसारखीच आमची स्थिती झाली आहे. फरक इतकाच की येथे यंत्र बंद करून उठता येत नाही, महिनाअखेरीस घरी पैसे पाठवावयाचे असतात.

म्हणून काही लहान कारखान्यांत आम्ही मालकांशी बसून एकेक पानाचे नियम मराठीत लिहून घेत आहोत. दोघांच्या सह्या, आणि महिनाभर आधी सांगितल्याशिवाय बदल नाही. बरेच मालक तयार होतात. नियम लिहिलेला असला की त्यांच्याही डोक्याचा ताप कमी होतो. एका ठिकाणी सारे ठरले आहे, फक्त फलक कोठे लावायचा यावर अडले आहे. जुना कायदा सांगत असे की ज्या दाराने बहुतेक कामगार आत येतात, त्या दारापाशी लावा. मालक मुतारीच्या भिंतीकडे बोट दाखवतात. येत्या मंगळवारी पुन्हा बैठक आहे.