उमेदवार निवडावा कोणी?

श्रोतेहो, निवडणूक आली की बोईसरच्या नाक्यावर नि तारापूरच्या आळीत झेंडा धरतो तो तरुणच. पत्रके वाटायची, पाड्यापाड्यांवर हिंडायचे, मतदाराला केंद्रावर आणायचे, ही कामे त्याचीच. पण उमेदवार ठरवताना त्याला विचारतो कोण?

आपल्या पालघरचेच पाहा ना. खासदार चिंतामण वनगा निवर्तल्यावर मे २०१८ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेतर्फे उभे राहिले, तर वनगांच्या भारतीय जनता पक्षाने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उभे केले. गावित निवडून आले. पुढल्याच वर्षी, २०१९ ला, तेच गावित शिवसेनेचे उमेदवार म्हणून जिंकले! काल ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्यांच्याचसाठी मते मागायची पाळी तरुण शिवसैनिकांवर आली.

अमेरिकेत पक्षाचे मतदार आधी आपसांत मतदान करून उमेदवार ठरवतात. २०१४ साली काँग्रेसने वर्धा आणि लातूर येथे कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडून पाहिले. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या. पण म्हणून का प्रयोग वाईट? एका साली पीक बुडाले म्हणून कोणी भातशेती सोडत नाही.

तेव्हा गुरुजी, वर्गाचा प्रमुख मुलांच्या मतानेच निवडा. सवय तिथून लागते. आणि तरुण मित्रांनो, झेंडा जरूर खांद्यावर घ्या; पण आधी एवढे विचारा, की या उमेदवाराला निवडले कोणी?