धावण्याची कसोटी आणि न्याय
(नभोवाणीवरील भाषण)



शाळेच्या पटांगणावर शिट्टी वाजते, चाळीस मुले एकाच रेषेवरून सुटतात आणि शिक्षकाच्या हातातील स्टॉपवॉच चालू होते. तीन-चार मिनिटांत सारे आटोपते. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा पडतो, आणि त्या आकड्यावरून कोण सशक्त, कोण दुर्बळ, कोण मेहनती, कोण आळशी, हे ठरून जाते. घड्याळ पक्षपात करीत नाही, म्हणून हा निकाल न्याय्यच असणार, अशी आपली समजूत असते. अनेक वर्षे मुलांना व्यायाम शिकविताना माझीही तीच समजूत होती. आज त्या समजुतीविषयी थोडे बोलावयाचे आहे.

माझ्या वर्गात आठवीची एक मुलगी होती. सहाशे मीटर धावताना दुसऱ्या फेरीतच ती मागे पडे आणि चालू लागे. “सर, पाय चालतात, पण श्वास पुरत नाही,” असे ती म्हणे. मला ती सबब वाटली. तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला : ‘प्रयत्न कमी.’ पुढे आरोग्यतपासणीत तिच्या रक्तात हिमोग्लोबिन फारच कमी असल्याचे आढळले. प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचविणारे द्रव्यच अपुरे, तेथे श्वास पुरावा कोठून? घड्याळाने वेळ अचूक सांगितली होती. चूक तिचा अर्थ लावणाराची होती.

ही गोष्ट अपवादात्मक नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या, आणि त्याच वयाच्या मुलांपैकी 31 टक्के. अशा देशात धावण्याचा मंद वेळ हा आधी डॉक्टरकडे जाण्याचा इशारा समजावयास हवा, आणि मग वाटल्यास गुणांचा विषय.

आता मोजमापाचाच विचार करू. चारशे मीटरच्या मार्गावर सहाशे मीटर म्हणजे दीड फेरी. पण इतके मोठे पटांगण किती शाळांना आहे? बहुधा शंभर मीटरचे वर्तुळ आखून मुलांना सहा फेऱ्या माराव्या लागतात. जो मुलगा आतील रेषेपासून एक मीटर बाहेरून धावतो, त्याला दर फेरीस सहा मीटरांहून थोडे अधिक अंतर पडते. सहा फेऱ्यांत हे जादा अंतर सुमारे अडतीस मीटर होते. अडीच मिनिटांत सहाशे मीटर धावणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा नऊ सेकंदांचा भुर्दंड आहे. चाळीस मुले एकदम सोडली, तर सर्वांना आतली वाट मिळणे अशक्यच. मग दांडगी मुले आत राहतात, भिडस्त मुले बाहेर ढकलली जातात, आणि आपण त्या नऊ सेकंदांना ‘दम कमी’ असे नाव देतो. आठ-दहांच्या तुकड्या केल्या, तर हा अन्याय बराचसा टळतो. त्यासाठी पैसा लागत नाही, एक तास अधिक लागतो.

वयाचेही असेच आहे. एकाच वर्गात जवळजवळ वर्षाचे अंतर असलेली मुले शेजारी बसतात. त्यातच मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या सुमारास, आणि तीही प्रत्येकाची निरनिराळ्या वेळी. सातवीच्या एका बाकावर एक जवळजवळ तरुण आणि एक अगदी बालक असू शकतो. दोघांना एकच मोजपट्टी लावणे म्हणजे मोहोर आलेल्या आंब्याची रोपाशी तुलना करणे होय.

ही मोजपट्टी येते कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. बारा मिनिटे धावण्याची प्रसिद्ध कसोटी डॉ. केनेथ कूपर यांनी 1968 साली मांडली. तिचा आधार अमेरिकन विमानदलातील 115 पुरुषांची चाचणी हा होता. प्रौढ सैनिकांवरून निघालेला मापदंड तसाच्या तसा शाळकरी पोरांना लावणे शहाणपणाचे नव्हे. अमेरिकेतच 1966 पासून शाळांत राष्ट्राध्यक्षांच्या नावाचे पारितोषिक दिले जाऊ लागले. त्यासाठी प्रत्येक कसोटीत राष्ट्रीय तुलनेत शंभरांतील पंच्याऐंशी मुलांच्या वरची पातळी गाठावी लागे. अशा अटीत बहुसंख्य मुलांचे अपयश आधीच लिहून ठेवलेले असते. याउलट, कूपर यांच्याच डॅलस येथील संस्थेने 1982 मध्ये सुरू केलेल्या ‘फिटनेसग्राम’ पद्धतीत पुढे प्रश्नच बदलला. तू इतरांच्या पुढे आहेस काय, असे न विचारता, तुझ्या वयाला आरोग्यासाठी जेवढी क्षमता लागते तेवढी तुझ्यात आहे काय, असे विचारले गेले. या प्रश्नाला सारा वर्ग ‘होय’ असे उत्तर देऊ शकतो. अमेरिकेच्या सरकारनेही 2012-13 च्या शालेय वर्षानंतर जुनी कसोटी सोडून याच पद्धतीचा स्वीकार केला. 2025 मध्ये मात्र जुनी कसोटी पुन्हा आणण्याचा आदेश निघाला. म्हणजे वाद अद्याप मिटलेला नाही.

आपल्याकडे ‘खेलो इंडिया’च्या 2019 च्या शालेय कसोट्यांत मोठ्या मुलांसाठी पन्नास मीटर धाव आणि सहाशे मीटर ‘धावणे अथवा चालणे’ यांचा समावेश आहे. त्यातील ‘अथवा चालणे’ हे शब्द आपण विसरतो. चालण्याची मुभा कसोटीच्या नावातच आहे. दमलेला मुलगा चार पावले चालला, म्हणजे तो हरला, असे त्याला भासविण्याचा आपणांस अधिकार नाही.

कोणी म्हणेल, असे सर्वांना सांभाळीत बसलो तर मुले कणखर कशी होणार? शंका रास्त आहे. श्रमाविना शरीर घडत नाही, हे आपल्या बडोद्याच्या आखाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकविले आहे. परंतु आखाड्यातील उस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी जोडी देऊन त्याच्या बैठका मोजीत नसे. तो त्याचा दम ओळखी आणि दर आठवड्यास थोडे वाढवी. आपण मात्र वर्षभर धावण्याचा सराव देत नाही, आणि एके दिवशी, तेही एप्रिलच्या कडक उन्हात, परीक्षा घेतो. न शिकविलेल्या धड्यावर गणिताचे गुरुजी प्रश्न विचारीत नाहीत. व्यायामशिक्षकाने तरी का विचारावा?

म्हणून माझी मागणी थोडी आहे. कसोटीपूर्वी सहा-आठ आठवडे सराव द्यावा आणि सुरुवातीस वेग राखून कसे धावावे हे शिकवावे. कसोटी सकाळच्या गारव्यात, लहान तुकड्यांत घ्यावी. जे मूल आजारातून उठले आहे, त्याला दुसरी तारीख द्यावी. निकाल फळ्यावर लिहू नये, ज्याचा त्याला सांगावा. आणि गुण द्यावयाचेच असतील, तर जुलैतील स्वतःच्या वेळेपेक्षा जानेवारीत किती सुधारणा झाली, यावर द्यावेत. जो आधीच उत्तम धावतो, त्याने आपली वेळ टिकविली तरी त्याला पूर्ण गुण मिळावेत, म्हणजे त्याच्यावरही अन्याय होणार नाही.

त्या मुलीने औषध घेतले, आहार सुधारला आणि पुढच्या वर्षी ती सहाशे मीटर न थांबता धावली. तिचा क्रमांक वर्गात शेवटून पाचवा होता. पण रेषा ओलांडल्यावर तिने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती मी विसरलो नाही. प्रगतिपुस्तकातील तो शेरा मला खोडता आला नाही, कारण ते पुस्तक केव्हाच घरी गेले होते. श्रोत्यांपैकी जे शिक्षक असतील, त्यांनी यंदाचे शेरे लिहिण्यापूर्वी घटकाभर थांबावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.