बावन्न वजा अठ्ठावीस, उत्तर छत्तीस

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, नवा फोन नाही, पगारवाढीचं रडगाणंही नाही. आज माझ्या मावशीची गोष्ट. आणि थोडी माझीही, कारण यात एक माती मी खाल्लेली आहे.

मावशी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा. म्हणजे चार वर्ग आणि शिक्षक दोन. मावशीकडे पहिली आणि तिसरी, दोन्ही एकाच खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवायचं, तोवर तिसरीची वजाबाकी. मी तिच्या वर्गात एक दिवस बसलोय. दुपारपर्यंत माझं डोकं हँग झालं होतं.

तर साल २०१६. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे सगळं येतं असं वाटण्याचं वय. तेव्हा झेडपीच्या शिक्षकांत 'तंत्रस्नेही' हा शब्द नवा नवा गाजत होता. आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला होता. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक येत होते. ज्ञानरचनावाद, म्हणजे पोरांनी वस्तू हाताळत, एकमेकांशी बोलत स्वतः शिकायचं. फरशीवर आकडे रंगवलेले, काड्यांचे गठ्ठे, खोट्या नोटा. आणि त्याच सुमारास बऱ्याच शिक्षकांनी ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग काढले. त्यावर शासन निर्णय, चाचण्यांच्या पीडीएफ, परिपाठाचे सुविचार आणि वरती सरकणारी ती रंगीत पट्टी. हसू नका, त्या पीडीएफनी गावोगावच्या शिक्षकांचं फार काम वाचवलंय.

मावशी म्हणाली, "मलाही काढून दे. पण पीडीएफ नको, त्या सगळीकडे आहेत. मी वर्गात काय झालं ते लिहीन."

मला वाटलं, हे कोण वाचणार? पण दिला काढून. फोनवर मराठी कीबोर्ड टाकून दिला. पहिला महिना ती जे लिहायची ते शाळेच्या अहवालासारखं. "आज उपक्रम घेण्यात आला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला." मी म्हटलं, "मावशे, हे तू बोलतेस का असं?" मग हळूहळू सुटली.

आणि एक दिवस तिने तिसरीतल्या एका मुलाच्या वजाबाकीवर लिहायला घेतलं. ५२ वजा २८. त्याचं उत्तर ३६. आधी ती लाल फुली मारून पुढे जायची. पण लिहायचं म्हटल्यावर अडलं. चुकलं एवढंच कसं लिहिणार? का चुकलं? म्हणून तिने त्याला जवळ बोलावून विचारलं, "कसं केलंस रे?" तो म्हणाला, "दोनातून आठ जात नाहीत बाई. म्हणून आठातून दोन काढले, सहा. मग पाचातून दोन, तीन."

तिने मागची वही उघडली. ७१ वजा ३६ बरोबर ४५. ४० वजा १७ बरोबर ३७. मंडळी, करून बघा. सगळ्या चुका एकाच नियमाने होतात. पोरगा अंदाजपंचे काही करत नव्हता, त्याचा प्रोग्रॅम अगदी व्यवस्थित चालत होता. फक्त त्यात एक बग होता.

मी हॉस्टेलवर हे वाचून उडालोच. नंतर कळलं की यावर जुनं काम आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशाच चुकांवर पेपर लिहिला. त्यांनी 'बगी' नावाचा प्रोग्रॅमही केला होता. तो मुलासारखा चुकायचा आणि शिक्षकाने त्यामागचा नियम ओळखायचा. मावशीला यातलं काही माहीत नव्हतं. ती फक्त लिहायला बसली होती.

आणि बग आला कुठून? हे तिला रात्री भांडी घासताना आठवलं. पहिलीत तिनेच शिकवलं होतं, "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं." पहिलीपुरतं ते ठीक चालतं. पोरानं ते इमानेइतबारे तिसरीपर्यंत पाळलं.

आता माझी माती. मी तिला सांगितलं, "नुसता मजकूर कोण वाचतंय? फोटो टाक. वहीचा, मुलाचा. व्ह्यूज येतात." तिने टाकला. वहीवर नाव स्पष्ट, शेजारी हसणारा पोरगा. व्ह्यूज आले की! शिक्षकांच्या ग्रुपवर फिरलं, तिथून गावच्या ग्रुपवर. त्याचा भाऊ हायस्कूलला होता, त्याच्या मित्रांनी बघितलं. दोन दिवसांत पोराचं नाव पडलं 'छत्तीस'. ए छत्तीस, इकडं ये. दुकानात पाठवलं तर, छत्तीस रुपये सुट्टे दे.

चार दिवस तो शाळेत आला नाही. मावशी घरी गेली. त्याची आई भाकऱ्या थापत होती, तिने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, चूक वहीत होती. ती गावभर कशापायी केली?"

मावशीने मला फोन केला तेव्हा ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ते काढून टाक आधी." मी काढलं. पण लोकांच्या फोनमध्ये गेलेला फोटो मी कुठून काढणार? आज लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असा कायदा आलाय, २०२३ चा. तेव्हा कायदा नव्हता, पण एवढी साधी अक्कल मला असायला हवी होती.

तिने ब्लॉग बंद केला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पुढची पोस्ट तिच्या स्वतःच्या चुकीवर होती. 'मोठ्यातून लहान' हे मी का शिकवलं आणि काय झालं. तेव्हापासून नाव नाही, चेहरा नाही, आणि लिहिण्याआधी त्या मुलाला विचारायचं. एका मुलीने "नको" म्हटलं, तर तिचं आजतागायत लिहिलेलं नाही. मी आता नोकरीत आहे. आमच्याकडे सर्व्हर पडला की पोस्टमॉर्टेम लिहितात. काय बिघडलं, का बिघडलं ते सगळं लिहायचं, पण कुणाच्या माथी मारायचं नाही. हे मला कंपनीने ट्रेनिंग देऊन शिकवलं. मावशीला शिकायला भाकरीच्या चुलीपुढे उभं राहावं लागलं, तेही माझ्यामुळे.

वर्गात तिने खोट्या नोटा काढल्या. पाच दहाच्या, दोन एकच्या. मला अठ्ठावीस रुपये दे. पोरं अडली. मग एक जण म्हणाला, दहाची मोडून आणू का? झालं! 'उसना घ्या' हे जे आपण सगळ्यांनी न कळता पाठ केलं, ते म्हणजे दहाची नोट मोडणं. किराणा दुकानात जाणाऱ्या पोराला ते आधीच येत असतं.

एक जाता जाता. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' आलं, तेव्हा केवढे विनोद झाले, आठवतंय? मीही मीम फॉरवर्ड केलं होतं. मावशीने तिच्या वहीतलं वाचून दाखवलं. त्रेपन्न म्हटलं की पोरं आधी तीन लिहितात, मग पाच. कारण आपण बोलतो तसंच. मी गप्प बसलो.

तो मुलगा? आला शाळेत. पण दिवाळीपर्यंत मावशीशी धड बोलला नाही. नोटांच्या खेळात मागे बसायचा. आता तो अकरावीत आहे, गावात काही जण अजून छत्तीसच म्हणतात. मागच्या महिन्यात मी गेलो होतो, तर एसटी स्टँडवर भेटला. मी कोण ते त्याला माहीत नाही. मी सांगितलंही नाही.

बास, आज एवढंच. घरात कुणी तिसरी-चौथीतलं असेल तर त्याला ४० वजा १७ घाला आणि उत्तर काहीही येवो, कसं केलंस ते विचारा. फोटो काढू नका. भेटू पुढच्या रविवारी.