पाटीतला एक पेरू



परवा आम्ही एका घरी गेलो होतो. घरची बाई बाजारासाठी पाटीत पेरू भरत होती. तिचे पोर हातात बिस्किटाचा पुडा घेऊन पाटीकडे टकमक बघत होते. आम्ही म्हटलं, "बाई, एक पेरू पोराला द्या की!" ती म्हणाली, "पेरू विकला तर मीठमिरची येते, दादा." तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण पाटीतून काय जाते, तेही बघायला हवे.

जांभूळ जांभळे का? कांद्याला लाली कुठून येते? झाडे काही द्रव्ये तयार करतात. ऊन आणि कीड यांपासून ती झाडाचे रक्षण करतात. काही द्रव्ये फळाफुलांना रंग देतात. त्यांना म्हणतात फ्लेव्होनॉइड. नाव बोजड आहे, पण वस्तू आपल्या घरातलीच आहे.

1936 साली युरोपात, हंगेरी देशात, सेंट-ग्यॉर्गी नावाच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सोबत्यांनी एक गोष्ट पाहिली. काही रोग्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत होते. नुसते 'क' जीवनसत्त्व देऊन गुण येईना. लिंबाचा आणि मिरचीचा अर्क दिला, तेव्हा गुण आला. त्यांना वाटले, हे नवे जीवनसत्त्व आहे. पुढे कळले की, हे जीवनसत्त्व नव्हे. ते नाव मागे पडले. पण अभ्यास थांबला नाही. फळे, भाज्या, कडधान्ये भरपूर खाणाऱ्यांना हृदयाचे विकार कमी होतात, असे दिसून आले आहे. त्यात या द्रव्यांचाही वाटा असावा. मात्र एकट्या त्यांचाच नव्हे. चोथा आहे, जीवनसत्त्वे आहेत. म्हणून महागड्या गोळ्यांच्या मागे लागू नका. अख्खे फळ खा.

मग खावे काय? कांदा, पेरू, जांभूळ, आवळा, शेवग्याचा पाला. कांदा सोलताना वाळलेले साल तेवढे काढा. त्याच्या खालच्या पापुद्र्यांत हे द्रव्य जास्त असते. मोसंबी सोलताना आतला पांढरा पापुद्रा सगळा खरवडू नका. पेरू धुऊन सालीसकट खा. चहातही ही द्रव्ये आहेत. पण जेवणाबरोबर चहा घेतला, तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. जेवणानंतर तासाभराने घ्या.

एक गोष्ट गाठीला बांधा. हे अन्न आहे, औषध नव्हे. जांभळे खाल्ली म्हणून मधुमेहाची गोळी बंद करू नका. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, तर दवाखाना गाठा.

त्या बाईला आम्ही शेवटी एवढेच म्हटलं, "बाजारात डागी पेरूला भाव मिळत नाही. डाग कापून टाका, बाकीचा पोराला द्या." ती हसली. तिने पाटीतून एक नव्हे, दोन पेरू काढले. एक पोराला दिला. दुसरा तिने स्वतः खाल्ला.

मंडळी, आपल्या पाटीतूनही उद्या एक पेरू काढाल ना?