उंचीवरील काम आणि दोन दोरांचे शास्त्र



फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ च्या सुमारास दिल्लीच्या दक्षिणेस फरीदाबादची नवी वसाहत आकारास येऊ लागली. तिच्या बांधकामात निर्वासितांनी सहकारी संस्थांमार्फत स्वतः श्रम केले, हे तिचे वैशिष्ट्य. ती घरे बुटकी होती. आज आग्रा कालव्यापलीकडील 'नहरपार' भागात उत्तुंग इमारतींची रांग उभी आहे आणि त्यांच्या बाहेरच्या भिंती रंगविणारा, काचा पुसणारा कामगार दोराला लटकून काम करतो.

देशात अनेक ठिकाणी हे काम एकच दोर, त्याला बांधलेली फळी आणि कमरेचा पट्टा एवढ्यावरच चालते. यातील कमरपट्ट्यावरचा विश्वास सर्वांत घातक. माणूस दोन मीटर खाली पडला, तर त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होतो. तो दहा सेंटिमीटरच्या अंतरात थांबला, तर शरीराच्या वजनाच्या सुमारे वीसपट धक्का बसतो. हा धक्का एकट्या कमरेवर आला, तर मणका आणि पोटातील अवयव यांना गंभीर इजा होते. म्हणून पडण्यापासून रक्षणासाठी खांदे, छाती आणि मांड्या यांवर भार वाटून देणारा संपूर्ण शरीराचा हार्नेस लागतो. भारतीय मानक ३५२१ सुरक्षा पट्टे व हार्नेस यांसंबंधी, तर २९२५ हे औद्योगिक शिरस्त्राणांसंबंधी आहे. शिरस्त्राणाला हनुवटीचा पट्टा नसेल, तर पडताना ते डोक्यावर टिकत नाही. पण बांधकामाच्या जागी हा पट्टा लोंबकळतानाच अधिक दिसतो!

हार्नेस आणि आधार यांना जोडणाऱ्या छोट्या दोरात धक्काशोषक असतो. ठरावीक ताण आला की त्याची शिवण उसवत जाते आणि थांबण्याचे अंतर वाढते. युरोपीय मानकानुसार धक्का ६ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ६०० किलोग्रॅम वजनाच्या भारापेक्षा अधिक होता कामा नये. मात्र त्यासाठी खाली मोकळी जागा हवी. दोन मीटरचा जोडदोर, उसवणारा पावणेदोन मीटर, हार्नेसच्या कडीपासून पायांपर्यंत दीड मीटर आणि एक मीटर राखीव अशी बेरीज केल्यास आधारबिंदूखाली सव्वासहा मीटर मोकळे असावे लागतात. चार मीटर उंचीवर पायापाशी आधार बांधलेला कामगार सर्व साधने अंगावर असूनही जमिनीवर आदळेल. अशा वेळी आधार डोक्याच्या वर घेणे किंवा कामगार कडेपर्यंत पोहोचूच नये इतका आखूड दोर वापरणे, हा मार्ग उरतो.

दोरावरून करावयाच्या कामाचे तत्त्व वेगळे आहे. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये या व्यवसायाची 'इराटा' ही संघटना स्थापन झाली आणि दोन दोरांची पद्धत जगभर रूढ झाली. एका दोरावर कामगार उतरतो, दुसरा केवळ सुरक्षेसाठी असतो; दोन्हींचे आधारबिंदू स्वतंत्र असतात. सुरक्षा-दोरावरील साधन कामगाराबरोबर सरकते आणि अचानक ओढ बसताच दोर पकडते. सह्याद्रीत चढाई करणाऱ्या गिर्यारोहकाचा दोर ताणला जाणारा असतो, कारण त्याला पडण्याचा धक्का सोसायचा असतो. येथे मात्र कमी ताणला जाणारा दोर लागतो, नाहीतर कामगार झोके खात राहील. इमारतीची धारदार कड दोर कापू शकते, म्हणून तेथे आवरण हवे. काचेवरील सिमेंटचे डाग काढण्यासाठी आम्ल वापरतात, आणि आम्लाने नायलॉन कमकुवत होतो. वरून दोर चांगला दिसतो, ही त्यातली फसगत आहे.

फरीदाबाद येथेच केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयाची प्रादेशिक श्रम संस्था आहे. या महासंचालनालयाचे मुख्यालय मात्र मुंबईत शीव येथे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ङ) आणि ४२ मधील निदेशक तत्त्वे कामगारांचे आरोग्य आणि कामाची मानवी स्थिती यांविषयी आहेत. १९४८ चा कारखाने अधिनियम आणि १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम यांसह तेरा कायदे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये सामावले गेले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. सुरक्षेसाठी केलेल्या वा पुरविलेल्या गोष्टींचा आकार कामगाराकडून घेता येत नाही, हे तिच्यातील तत्त्व. ते मुकादमाच्या हाताखालील रोजंदारी कामगारापर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे. त्याला कायदा आणि हार्नेस या दोहोंची ओळख बहुधा अपघातानंतरच होते.

आणखी एक बाब परीक्षेच्या पुस्तकांत क्वचितच येते. पडलेला माणूस हार्नेसने झेलला की काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात तो निश्चल लटकत राहिला, तर मांड्यांच्या पट्ट्यांमुळे आणि पाय हलत नसल्याने पायांतले रक्त परत फिरत नाही आणि थोड्याच मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्यामुळे काम सुरू होण्याआधीच सुटकेची व्यवस्था ठरलेली हवी: वर प्रशिक्षित सहकारी, त्याच्यासाठी वेगळा दोर, आणि अडकलेल्याला खाली घेण्याची सराव केलेली रीत. अग्निशमन दलाला दूरध्वनी करणे आवश्यकच, पण पंधराव्या मजल्यावर लटकलेल्या माणसाकडे तोवर पोहोचू शकेल तो गच्चीवरचा त्याचा सोबतीच.