अपस्मार, आहार आणि आपला समाज

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा स्मरणिकेसाठी लिहून काढलेला मजकूर. व्याख्याते : सहाय्यक शिक्षक, बी. ए., बी. एड.)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून रोगाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या रोगामुळे मुलांचे, आणि मुलांपेक्षा मुलींचे, शाळेत येणे थांबते तो रोग शिक्षणाचाच विषय होय. पुस्तकी भाषेत त्याला अपस्मार म्हणतात. आपल्या मोहल्ल्यात फेफरे, मिरगी, आकडी, फीट अशी त्याची नावे आहेत आणि तीही दबक्या आवाजात उच्चारली जातात. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, तुमच्याशी बोलणारा हा शिक्षक स्वतः अपस्माराचा रुग्ण आहे. इयत्ता नववीत असताना मला पहिला झटका आला. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. मी रोज दोन वेळा गोळी घेतो, इतिहास-भूगोल शिकवतो, दोन मुलांचा बाप आहे, आणि गेल्या सात वर्षांत मला झटका आलेला नाही.

यात विशेष काही नाही, हेच मला सांगायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य निदान व योग्य औषध मिळाले तर त्यांतील शंभरापैकी सत्तरजण झटक्यांवाचून जगू शकतात. मी त्या सत्तरांतला एक आहे.

आता हा रोग आहे तरी काय? आपल्या मेंदूचे काम अत्यंत सूक्ष्म अशा विजेच्या लहरींवर चालते. मेंदूतील पेशींचा एखादा समूह एकाच वेळी, बेशिस्तपणे, ही वीज सोडू लागला की झटका येतो. कोणी हातपाय झाडत खाली पडतो, तर कोणी नुसता क्षणभर शून्यात पाहत राहतो आणि मास्तर त्याला ‘लक्ष कुठे आहे’ म्हणून रागावतात. (माझ्या शिक्षकबंधूंनी ही दुसरी तऱ्हा ध्यानात ठेवावी. वर्गातील प्रत्येक तंद्री ही खोडी नसते.) हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील ही वीज प्रथम कागदावर उतरवली. आज ज्याला आपण ई.ई.जी. म्हणतो ती तपासणी त्यातूनच आली. पण हा मेंदूचा विकार आहे ही गोष्ट काही १९२४ साली कळलेली नाही. हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या ग्रीक वैद्यकग्रंथांत ती सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. आपले इब्न सिना यांनीही ‘अल-कानून’मध्ये या रोगाची चर्चा मेंदूच्या रोगांतच केली. असे असताना आपण आजही झटका आलेल्या मुलाच्या नाकाशी चप्पल धरतो, कांदा हुंगवतो, मुठीत लोखंडी किल्ली कोंबतो, आणि ‘कसला तरी असर आहे’ म्हणून सहा महिने घालवतो. दुआ जरूर करावी. पण दुआ आणि डॉक्टर यांत भांडण लावू नये.

कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, काही घरांत आनुवंशिकता, आणि सुमारे निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. परंतु एक कारण असे आहे की जे थेट ताटातून येते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. डुकराच्या मांसातून येणारा एक पट्टकृमी आहे. त्याची अंडी पोटात गेली तर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन गाठी करतात आणि झटके सुरू होतात. आपल्या देशात झटक्यांचे हे एक मोठे कारण आहे. हे ऐकून आपली मंडळी म्हणतात, आम्ही ते मांस खातच नाही, मग आम्हाला काय? येथेच घोटाळा आहे. मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत होतो. त्याची अंडी मात्र त्या माणसाच्या विष्ठेवाटे मातीत, पाण्यात आणि तेथून भाजीवर येतात. मेंदूतील गाठी या अंड्यांनी होतात. म्हणून शुद्ध शाकाहारी घरातही हा रोग सापडतो आणि आपल्या घरातही सापडतो. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी वाहत्या स्वच्छ पाण्यात चोळून धुणे, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, आणि उघड्यावर शौचास न बसणे, एवढ्याने हा रोग पुष्कळसा टळतो. तहारतवर प्रवचने ऐकणाऱ्या समाजाला हे अवघड जाऊ नये.

ज्याला अपस्मार आहे त्याने काय खावे, हा प्रश्न मला सर्वांत अधिक विचारला जातो. कोणी म्हणतो मासे बंद करा, कोणी म्हणतो वांगे, कोणी म्हणतो अंडे उष्ण पडते. माझ्या अम्मीने शेजारणींच्या सांगण्यावरून दोन वर्षे माझ्या ताटातून एकेक पदार्थ उचलला. शेवटी डाळ-भात उरला आणि मी काडीसारखा झालो. डॉक्टरांनी एका वाक्यात ते सारे परत ठेवले. खरी गोष्ट अशी की, अमुक खाल्ल्याने अपस्मार होतो किंवा तमुक खाल्ल्याने बरा होतो असा पदार्थ नाही. मेंदूला हवी असते ती नियमितता. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, वेळेवर गोळी.

तरीही आहाराचा संबंध आहे, तो औषधांच्या बाजूने. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन ही जुनी आणि स्वस्त औषधे चांगली आहेत. पण वर्षानुवर्षे घेतली की शरीरातील ड जीवनसत्त्व कमी करतात आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात. म्हणून दूध-दही, नाचणीची भाकरी, तीळ, आणि आपल्या कोकणात तर अल्लाच्या कृपेने तारली आणि मांदेली आहेत, ती काट्यासकट खावीत. थोडे ऊन अंगावर घ्यावे. पडद्यात राहणाऱ्या आपल्या भगिनींनी निदान अंगणात, गच्चीवर उन्हात बसावे. हिरव्या पालेभाज्या आणि कडधान्ये फोलेटसाठी हवीत. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांची भूक वाढते आणि वजनही वाढते, तेव्हा दावतीत दुसऱ्यांदा बिर्याणी वाढून घेताना त्यांनी विचार करावा. हेच औषध गरोदरपणी गर्भाला अपाय करू शकते, म्हणून मुलीचे लग्न ठरले की तिच्या डॉक्टरांशी औषधाविषयी आधीच बोलावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. एकाएकी औषध तोडल्याने लागोपाठ झटके येऊन जीव धोक्यात येतो.

‘कीटो’ नावाचा आहार हल्ली सर्वांच्या तोंडी आहे. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठीच तो सुचवला होता. भरपूर स्निग्ध पदार्थ, अत्यंत कमी भात-पोळी, अशी त्याची मांडणी असते. ज्या मुलांना औषधे लागू पडत नाहीत त्यांतील काहींना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण तो डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली ग्रॅमच्या हिशेबाने द्यावा लागतो. मोबाइलवर पाहून घरी करण्याची ती गोष्ट नव्हे.

राहता राहिला रमजान. या प्रश्नावर घराघरांत वाद होतात. उपवासापेक्षाही त्रास होतो तो मोडलेल्या झोपेचा आणि चुकलेल्या गोळीचा. तरावीह उशिरा संपते, सहरी पहाटे असते, मधली झोप चार तासांची. ज्याचे झटके आटोक्यात आहेत त्याला डॉक्टर कधीकधी सहरी आणि इफ्तारला गोळी बसवून देतात. मी त्याप्रमाणे करतो, तरावीहनंतर चहाच्या गप्पांना थांबत नाही, आणि दुपारी जोहरनंतर शाळेची सुट्टी झाली की झोपतो. ज्याचे झटके चालू आहेत त्याने रोजा धरू नये. कुरआन शरीफमध्ये, सूरह बकरात, आजाऱ्याला सवलत स्पष्ट दिलेली आहे. ती देणाऱ्यापेक्षा आपण अधिक कडक होण्याचे कारण नाही. आजारी मुलगा रोजा सोडतो म्हणून त्याला टोमणे मारणाऱ्या चाचांना मौलवीसाहेबांनी हे जुम्याच्या दिवशी समजावले तर फार उपकार होतील.

आता समाजाविषयी. औषध गोळीने मिळते, पण गोळीने माणूस माणसांत येत नाही. पंचवीस वर्षांचा असताना मी एखाद्या मय्यतीला खांदा द्यायला पुढे झालो की कोणीतरी मायेने मागे ओढी. शादीत देग उतरवायला गेलो तर ‘तू बस’ म्हणत. एका संस्थेत मुलाखत उत्तम झाली आणि आजाराचे नाव निघताच जागा भरली गेल्याचे समजले. त्यात माया किती, भीती किती, हे मी मोजत बसलो नाही. मोहल्ल्याच्या ग्रंथपेढीचे हिशेब कोणी घेत नव्हते ते मी मागून घेतले. मग दहावीच्या मुलांचे रात्रीचे वर्ग आले, तेही आठ वाजता बंद करण्याच्या अटीवर, कारण मला झोपायचे असते. पुढे पुरात धान्यवाटपाची यादी आली. हळूहळू लोक माझ्याकडे ‘तो फीटवाला’ म्हणून नव्हे, तर ‘पुस्तकांचे सर’ म्हणून येऊ लागले. काही कामे मी करत नाही. मोटारसायकल चालवत नाही. परवान्याच्या अर्जातच अपस्मार आहे का हे विचारलेले असते आणि ते योग्यच आहे. मी एस.टी.ने येतो. खाडीत एकटा पोहायला जात नाही. न्हाणीघराला आतून कडी लावत नाही. विहिरीवर आणि चुलीपाशी एकट्याने काम करू नये, हे आपल्या भगिनींसाठी. एवढी पथ्ये सोडली तर बाकी सारे काम मोकळे आहे.

क्रिकेटच्या शौकीन तरुणांना जॉन्टी ऱ्होड्स माहीत असेल. १९९२ च्या विश्वचषकात ब्रिस्बेनला चेंडूसकट स्टंपांवर झेप घेऊन त्याने इंझमामला धावचीत केले, तो प्रसंग वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असेल. त्या ऱ्होड्सला अपस्मार आहे आणि तो हे उघड सांगतो. १९७६-७७ साली भारतात येऊन मालिका जिंकून गेलेला इंग्लंडचा कप्तान टोनी ग्रेग, त्यालाही किशोरवयापासून हाच आजार होता.

लग्नाची गोष्ट टाळून चालणार नाही. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाला अडथळा मानलेला होता. १९९९ साली संसदेने दुरुस्ती करून तो शब्द काढून टाकला. आपल्या निकाहच्या अटींत असे कलम नव्हतेच. ते आपण आपल्या मनात लिहून ठेवले आहे. आजार लपवून लग्न करू नये, आणि सांगितला म्हणून स्थळ मोडू नये. माझ्या सासऱ्यांना मी पहिल्याच भेटीत गोळ्यांची पट्टी दाखवली होती. त्यांनी फक्त किंमत विचारली.

झटका आलेला माणूस समोर पडला तर काय करावे, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला यायला हवे. घड्याळ पाहा. आजूबाजूचे बाक, दगड दूर करा. डोक्याखाली दप्तर किंवा दुपट्टा ठेवा, गळ्याचे बटण सैल करा, झटके थांबताच त्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तुमच्या चपलेने थांबले असे तुम्हाला वाटते ते यामुळेच. पाच मिनिटांपेक्षा अधिक चालला, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, किंवा पहिलाच झटका असेल, तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या. माणूस शुद्धीवर आला की त्याच्याभोवतीची गर्दी हटवा. त्या क्षणी तीस डोळे आपल्याकडे पाहत आहेत, हे झटक्यापेक्षा अधिक दुखते.

हे सारे मी आज बोलण्याचे कारण एक मुलगी आहे. आठवीत आहे. तिचे नाव मी घेणार नाही, तिचे आई-वडील कदाचित येथे बसलेले असतील. जानेवारीत तिला वर्गात झटका आला आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिच्या अब्बांनी निरोप पाठवला की, लोकांनी पाहिले, आता शाळा नको, पुढे लग्नाला अडचण येईल. अब्बाजान, मुलीचे गणित चांगले आहे. तिला गोळ्या सुरू झाल्या आहेत असे ऐकले. मग घरात बसवण्याचे औषध तिला कोणी लिहून दिले? तिच्या वर्गातील मुलींना कुशीवर वळवणे शिकवून झाले आहे, दोघींनी घड्याळ लावून करूनही दाखवले. तिची डब्यातली गोळी दुपारी तिला देण्याची जबाबदारी आमच्या एका शिक्षिकाबाईंनी आपण होऊन घेतली आहे. हजेरीपटावर तिचे नाव आहे. १५ जूनला शाळा उघडते. त्याआधी काही विचारायचे असेल तर मी रोज असरच्या नमाजनंतर ग्रंथपेढीत असतो. मुलीलाही बरोबर आणावे.