बोटं ढिली सोड



सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालेल्या नव्या पोरांना आधी गांधीजींच्या आश्रमात राहावं लागतं. मीही राहिलो. तिथं चरख्यावर उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हातातला पेळू मागं ओढत न्यायचा. पहिल्या दिवशी माझा धागा वीतभरही निघेना. चाक जोरात गेलं की पीळ चढून तडकन तुटायचा, हात जोरात गेला की कच्चाच सुटायचा. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘‘बोटं ढिली सोड ना रे बाप्पा. चोर धरल्यावानी काहून धरतं?’’

शिकणं म्हणजे मेंदूतल्या पेशींची जोडणी पक्की होणं, असं आपण वर्गात सांगतो. खोटं नाही ते. डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये तसा तर्क मांडला. 1973 मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागात, विजेचे भराभर झटके दिले आणि जोडणी कित्येक तास जोरकस राहिलेली दाखवली.

पण माझी बोटं शिकली ती बऱ्याच अंशी डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत. तिथं एकेका पुर्किन्ये पेशीवर लाखाच्या वर बारीक तंतू येऊन टेकलेले असतात. मनगटाचा कोन, पेळूचा ताण, असल्या बातम्या ते आणत असतात. शिवाय एक दांडगा तंतू वेलीसारखा पेशीला विळखा घालून बसलेला. धागा तुटला की हा ओरडतो. त्याच सुमारास जे बारीक तंतू बोलत होते, त्यांचा आवाज पुढं मंदावतो, कारण पेशी आपल्या पृष्ठभागावरचे, निरोप झेलणारे ग्राही आत ओढून घेते. मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हे मंदावणं प्रयोगात पकडलं. लहान मेंदूचं सगळं शिकणं एवढ्यावरच चालतं का, यावर अजून भांडणं आहेत, आणि ती असावीत. तरी आजी म्हणत होत्या ते पेशीच्या पातळीवर असं काहीसं दिसतं: घट्ट धरणं सोडणं.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला सेवाग्रामजवळच्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावं असं ठरलं. त्यांना मेंदूचं हे गणित आधीच ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह मी आवरतो. तो आपला राष्ट्रीय रोग आहे. पण एक गोष्ट नोंदवतो. 1909 मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात दुखायला लागला, तेव्हा गांधीजींनी डाव्या हातानं लिहिणं चालू ठेवलं. वय होतं 40. ‘‘आता या वयात काय शिकणार?’’ असं ओपीडीत रोज म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी ती डावी पानं जरूर पाहावीत.

मास्तरांना मात्र माझा प्रश्न वेगळा आहे. मुलाची चूक दिसली की आपण लगेच खोडतो. धागा तुटलेला त्याच्या बोटांना कळायच्या आत आपणच गाठ मारून देतो. मग त्या दांडग्या तंतूनं ओरडायचं कधी?

बाहेर ओसरीवर दोन पेटीचरखे मांडून ठेवले आहेत, पेळूही भरपूर आहेत. चहाच्या सुट्टीत बसा. सूत तुटलं तर शेजारच्याला हात लावू देऊ नका.